मागच्या भिंतीवरची काचपट्टी

एकोणीस वर्षं मी टकटकसाहेबांचे अहवाल टाइप केले, आणि त्या एकोणीस वर्षांत ते माझ्यासमोर सगळे मिळून तीन तासही बसले नसतील. माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानाच्या दारात उभे राहायचे, कॅसेट काउंटरवर ठेवायचे, "शुक्रवारपर्यंत जमेल का, बाई?" एवढं विचारायचे आणि निघायचे. बसा म्हटलं तर आधी वाकून खुर्चीचे पाय हलवून बघायचे. शेवटी मी बसा म्हणणंच सोडून दिलं.

त्यांचं काम घरं तपासण्याचं. शहराला कंटाळलेली माणसं खेड्यातली जुनी दगडी घरं शोधत फिरतात. अंगण बघतात, झाड बघतात, खिडकीतून दिसणारी टेकडी बघतात आणि तिथल्या तिथे हो म्हणून मोकळी होतात. मान वर करून छपराकडे बघायचं कुणाला सुचत नाही. त्यातला एखादा शहाणा निघतो आणि सह्या करण्याआधी टकटकसाहेबांना बोलावतो. मग साहेब बॅटरी, भिंत सरळ आहे का ते बघायचा दोरीचा ओळंबा, पेचकस आणि मोजायची फीत असा सगळा संसार पिशवीत भरून जायचे, दिवसभर त्या घरात घालवायचे आणि घराला कुठे कुठे काय दुखतंय ते लेखी द्यायचे. तुळईला पेचकस टोचून बघायचे, पोटमाळ्यावर पालथे पडून वासे मोजायचे आणि प्रत्येक भिंतीवर उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून तीनदा टकटक करायचे. नाव मीच ठेवलेलं. त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, पण आमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांनी ते उचललं होतं.

हे सगळं मला माहीत आहे ते ऐकून. साहेब चालता चालता बोलायचे आणि खिशातल्या यंत्रात ते भरलं जायचं. "आतली खोली. उत्तरेची भिंत." टक, टक, टक. "खणखणीत." मग चार पावलं. टक, टक, टक. "बद्द. इथे गिलावा सुटलाय." मी कानाला हेडफोन लावून ते टाइप करायचे. पहिल्या वर्षी मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ओळंबा हा शब्दसुद्धा चुकवला होता. पण पाच-सहा वर्षांनी त्यांनी तोंड उघडायच्या आधी मला नुसत्या टकटकीवरून कळायला लागलं, खणखणीत की बद्द. एकदा त्यांनी चुकून उलटं सांगितलं, तेव्हा मी समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह घातलं. ते खास परत जाऊन भिंत बघून आले आणि मला म्हणाले, "बाई, तुमचा कान माझ्या बोटापेक्षा बरा आहे." मी आठवडाभर हवेत होते.

सुरुवातीच्या कॅसेटमध्ये आणखी एक आवाज असायचा, वहिनींचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा. मोजायच्या फितीला दोन टोकं असतात, आणि साहेबांच्या मते पगारी माणूस शून्याचं टोक कधी नीट धरत नाही. म्हणून वहिनी बरोबर जायच्या. खोलीच्या लांबच्या कोपऱ्यातून त्या सांगायच्या, "शून्य धरलंय." साहेब आकडा वाचायचे. "सोडू?" "सोड." मध्येच वहिनींचं सुरू व्हायचं, "अहो, या लोकांनी खिडकीतली कुंडी पाण्यावाचून मारलीये, तेही लिहा की अहवालात." आणि साहेब म्हणायचे, "बाई, हे टाइप करू नका." मी एकटीच खुदकन हसायचे. झेरॉक्ससाठी थांबलेली माणसं वळून बघायची.

मग वहिनी आजारी पडल्या आणि आठ महिन्यांत गेल्या. त्याला आता तेरा वर्षं होतील. मी भेटायला गेले नाही. घर माहीत नव्हतं, आणि कुठल्या नात्याने जायचं तेही कळेना. तीन आठवड्यांनी साहेब दारात आले, कॅसेट ठेवली, "शुक्रवारपर्यंत जमेल का?" म्हणाले आणि गेले. त्या कॅसेटमध्ये खोली मोजताना एक नवीन आवाज होता, खिळा ठोकल्याचा. ते फितीचं टोक खिळ्याला अडकवायचे आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे निघायचे; ते पोचेपर्यंत टोक निसटून फीत सरसर परत यायची. ते पुन्हा जायचे, पुन्हा अडकवायचे. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा ते हललेच नाहीत. कॅसेट नुसती फिरत राहिली. मी हेडफोन काढून ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून रडले.

त्यानंतर "बाई, हे टाइप करू नका" वाढत गेलं. आधी ते एका वाक्यापुरतं असायचं, मग दोन मिनिटं, मग पाच. "बाई, हे टाइप करू नका. इथे जिन्याखाली कुणीतरी मुलीची उंची दरवर्षी खूण करून लिहिलीये. सातव्या वर्षापर्यंत आहे, पुढे नाही. गाव सोडलं असेल, दुसरं काय." "बाई, हे टाइप करू नका. बस चुकली. पुढची दोन तासांनी आहे, पायरीवर बसलोय. डब्यात कालचंच आहे." मी ते टाइप करत नव्हते, पण ऐकत दोनदा होते. माझ्याशी दिवसभरात बोलायला येणारी माणसं "दोन प्रती", "पाठपोट" आणि "जरा लवकर" यापलीकडे जात नाहीत. आई गेल्यापासून दुकानावरच्या खोलीत मी एकटी राहते. भाची महिन्यातून एकदा फोन करते आणि बोलताना तिकडे भांडी घासत असते. तेव्हा आधी त्या कॅसेट आणि पुढे त्यांनी घेतलेलं ते काडेपेटीएवढं यंत्र, हीच माझी सोबत होती. हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यांना ते माहीत नव्हतं, इतकंच.

साहेबांच्या अहवालाच्या शेवटी एक मथळा असायचा, "न पाहिलेले". जे बघता आलं नाही ते तिथे लिहायचं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की तपासनिसाने लपवलं. बाकीचे तपासनीस या मथळ्याखाली अख्खं घर कोंबतात. सतरंजी होती म्हणून जमीन पाहिली नाही, शिडी नव्हती म्हणून छप्पर पाहिलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणारी जमात सगळी. साहेबांच्या मथळ्याखाली मात्र जमिनीखालचा पाया आणि पुरलेले नळ यांशिवाय काही नसायचं. सामान आड आलं तर ते सामान हलवायचे. एकदा एक लोखंडी कपाट त्यांनी एकट्याने सरकवलं आणि पाठ धरून मटकन खाली बसले, तेही मी ऐकलंय. "आई गं! बाई, हे टाइप करू नका."

आता त्या घराचं सांगते.

या वर्षाच्या सुरुवातीला एकदा साहेब काउंटरवर यंत्र ठेवून नेहमीसारखे निघाले नाहीत. दारातच घुटमळले. "हे जरा नीट करा हं," म्हणाले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकोणीस वर्षं मी काय वाकडं करत होते? पण यंत्र लावलं आणि पहिल्याच वाक्याला हात थांबला. "गिऱ्हाईक: मीच."

ते स्वतःसाठी घर घेत होते. काम बंद करायचं, शहरातली जागा काढून टाकायची आणि साडेतीन तासांच्या बसवरच्या एका खेड्यात कायमचं राहायला जायचं. दोन खोल्यांचं दगडी घर, मागे कोठीची खोली, वर पोटमाळा, समोर मोकळा उतार. तिथे एक निवृत्त मास्तर राहायचे, ते वारले होते. त्यांच्या पुतण्याला घर विकायची घाई होती आणि पुढच्या मंगळवारी सह्या करायचं ठरलं होतं. साहेबांचा आवाज इतका हरखलेला होता की मला तो ओळखीचा वाटेना. "भिंतीची जाडी बघा, बाई. खिडकीत माणूस मांडी घालून बसेल. हे टाइप करू नका. नाही, करा."

मी टाइप करत गेले. समोरची भिंत खणखणीत. पूर्वेची खणखणीत. तुळया ठीक, दोन वासे बदलावे लागतील. दगडांच्या मधल्या दरजा कुणीतरी सिमेंटने भरल्यात, त्या खरवडून चुन्याने भराव्यात, नाहीतर ओल आतच राहते. सगळं नेहमीसारखं. मग कोठीच्या खोलीचं दार करकरलं. दोन पावलं वाजली आणि थांबली. तो थांबा मी मागे जाऊन पुन्हा लावून मोजला, बावीस सेकंद. मग घाईघाईने, "मागची भिंत. पुढे लाकडी कपाट आहे. न पाहिलेले मध्ये घ्या." आणि दार लागलं.

टकटक नाही. कपाट सरकवल्याचा आवाज नाही. आणि कपाट तर साधं लाकडी!

माझ्या डोक्यात काहीतरी वळवळायला लागलं. मास्तर, समोरचा उतार, मांडी घालून बसता येईल अशी खिडकी. हे मी आधी टाइप केलं होतं. प्रत्येक अहवालाची एक प्रत मी ठेवते. कुणी सांगितलेलं नाही, माझी खोड आहे. शिडी लावून फाईलींच्या मांडणीवर चढले आणि तासभर धुळीत शिंकल्यावर ती सापडली. चौदा वर्षांपूर्वीची. तेच घर, गिऱ्हाईक मात्र एक डॉक्टर जोडपं. त्यात लिहिलं होतं की मागच्या भिंतीला पोट सुटलं आहे. अशी भिंत दोन पदरी असते, मध्ये माती आणि खडीची भर; इथे आतला पदर बाहेरच्यापासून सुटून फुगला आहे आणि त्यावर उभा तडा आहे. फुगवटा ओळंब्यापासून सव्वाचार सेंटिमीटर. तडा जुना आणि थांबलेला आहे की अजून वाढतो आहे, हे एका भेटीत सांगता येत नाही. म्हणून तड्यावर आडवी काचपट्टी बसवली आहे. भिंत जराही हलली तर काच फुटेल. वर्षाने येऊन पाहावे, तोवर घर घेऊ नये.

डॉक्टरांना वर्षभर दम कुठला. त्यांनी दुसरं घर घेतलं. वर्षाने काच बघायला कुणीच गेलं नाही, कारण तोवर वहिनी आजारी पडल्या होत्या. साहेबांच्या हातून अर्धी राहिलेली तपासणी मला माहीत आहे ती ही एकच.

ती प्रत हातात धरून मी शिडीवरच बसले. मला वाटलं, उघड आहे. साहेबांना ते घर इतकं हवंय की भिंतीकडे बघायची हिंमत नाही. जन्मभर ज्या गिऱ्हाइकांना शहाणं केलं त्यांच्यासारखाच त्यांनीही कानाडोळा केलाय. काच फुटलेली असेल तर ती भिंत आज ना उद्या बसणार, आणि बसेल तेव्हा आत साहेब एकटे असणार. हाक मारली तरी ऐकायला कुणी नाही.

इथे खरं ते लिहिते. मला ते जायला नको होते. भिंत धड असो नाहीतर नसो, नको होते. ते गेले की माझा शुक्रवार गेला. म्हणून मी फोन उचलला तो त्यांच्या काळजीने की माझ्या, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. एकोणीस वर्षांत मी त्यांना फोन केला नव्हता.

"साहेब, टायपिंगवाली बोलतेय."

"अरे! झालंसुद्धा?"

"कपाट का नाही हलवलंत?"

"जड होतं हो."

"लाकडी होतं. तुम्ही लोखंडी हलवलंयत, मी ऐकलंय."

"तेव्हा वय होतं, बाई."

"चौदा वर्षांपूर्वीचा अहवाल माझ्या हातात आहे, साहेब. त्या भिंतीवर काचपट्टी आहे."

मी फोन कानाला तसाच घट्ट धरून ठेवला.

"ती काच हिने बसवली," ते म्हणाले. "मी तडा मोजत होतो आणि मागे काच हिने बसवली. ओल्या गिलाव्यात केसातल्या पिनेने तारीख लिहिली. वर्षाने आपण दोघंच येऊ म्हणाली, डॉक्टर येवोत न येवोत. तिला ते घर फार आवडलं होतं. आता बाई, ती काच मधोमध फुटली असेल... घर नाही मिळालं तर नाही मिळालं. पण ते फुटलेलं मला बघायचं नाही."

"आणि न बघता राहायला जाणार? कपाटाच्या अलीकडे?"

"हो," म्हणाले, हट्टी पोरासारखं.

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं, म्हणून मी रागावूनच बोलले. "दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला काय सुनावलं असतंत, ते टाइप करून पाठवू का?"

ते हसले. मग घसा साफ करून म्हणाले, "रविवारी मोकळ्या आहात का? फितीचं टोक धरायला कुणीतरी लागेल."

यंत्र त्यांना परत देऊन रविवारी सकाळच्या बसने आम्ही निघालो. त्यांनी आधी सीट हाताने दाबून बघितली आणि मग मला खिडकीकडे बसवलं. साडेतीन तासांत आम्ही मिळून दहा वाक्यं बोललो असू. मध्ये यंत्र नसलं की आम्हाला एकमेकांशी बोलता येत नव्हतं. मी बाहेर बघत होते, ते मांडीवरच्या पिशवीचा बंद सोडत होते आणि बांधत होते. त्यांच्या मधल्या बोटाच्या पेरावर घट्टा आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

घर मला आवडलं, आणि त्याचाच राग आला. मोडकी बाग असेल, कुबट वास असेल असं मी मनात धरून गेले होते. पण उंबऱ्याचा दगड मध्ये झिजून गुळगुळीत झालेला, आत थंडावा आणि स्वच्छ उजेड. खिडकी खरंच मांडी घालून बसता येईल एवढी खोल होती. मी तिच्यात बसले नाही. हात लावून पाहिला फक्त.

कोठीच्या खोलीतलं कपाट आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवलं. आत मास्तरांच्या जुन्या वह्यांचे गठ्ठे होते, म्हणून जड होतं. तेवढं त्यांचं खरं निघालं. कपाट भिंतीपासून हातभर सुटलं आणि साहेबांनी लगेच तोंड फिरवलं. बॅटरी माझ्या हातात दिली. "मी बाहेर थांबतो. तुम्ही बघा आणि सांगा. जे असेल ते."

ते मागच्या दाराबाहेर जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी कपाटामागे शिरले. जळमटं तोंडावर आली. बॅटरी लावली तर भिंतीचं पोट आधी दिसलं, मग वरपासून खाली गेलेला तडा, आणि त्याच्यावर छातीच्या उंचीला आडवी, बोटभर रुंद, धुळीने काळी झालेली पट्टी. दोन्ही टोकांना गिलाव्याचे गोळे. मी रुमालाने हळूच पुसली.

काच अख्खी होती. एक बारीक रेघसुद्धा नाही.

डाव्या गोळ्यात तारीख होती, सुबक अक्षरात. उजव्या गोळ्यावरची धूळ पुसली तर तिथेही पिनेने काहीतरी कोरलेलं होतं. ते साहेबांना माहीत नसावं, कारण फोनवर त्यांनी फक्त तारीख सांगितली होती. बारीक, मस्करीतलं अक्षर. "खिडकी माझी."

मी ते वाचलं आणि तशीच उभी राहिले. वहिनींना मी कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांचा तो आवाज कानात आला, कोपऱ्यातून येणारा. चौदा वर्षांपूर्वीच त्या इथली जागा धरून गेल्या होत्या.

"अख्खी आहे का?" बाहेरून साहेबांनी विचारलं.

"अख्खी आहे," मी म्हटलं.

त्यांचे खांदे खाली आलेले मला दिसले. मग जुनी सवय जागी झाली. "दोन्ही टोकं घट्ट आहेत? बघा नीट. टोक सुटलेलं असेल तर भिंत हलली तरी काच फुटत नाही. मग ती अख्खी असून उपयोग नाही."

हे मला माहीत होतं. सात-आठ अहवालांत मी ते टाइप केलेलं होतं. आणि हेही माहीत होतं की ते स्वतः आत येऊन बघणार नव्हते. मी नुसतं म्हटलं असतं, "एक टोक सुटल्यासारखं वाटतंय", की झालं. भिंतीचं काही सांगता येत नाही, असं ठरलं असतं. मंगळवारच्या सह्या राहिल्या असत्या. काच अख्खीच राहिली असती, वहिनींचं अक्षर तुटलं नसतं, कुणाचंच काही मोडलं नसतं. आणि पुढच्या आठवड्यात ते दारात येऊन म्हणाले असते, शुक्रवारपर्यंत जमेल का, बाई. वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते जिभेने मागे ढकललं, पुन्हा ते पुढे आलं.

मी डाव्या गोळ्याच्या कडेला नख लावून ओढलं. हलला नाही. उजव्याला लावलं. नख तुटलं, गोळा हलला नाही.

"बाई?"

"घट्ट आहेत," मी म्हटलं. "दोन्ही. आणि इथे वहिनींनी आणखी एक लिहिलंय. तुम्हीच येऊन वाचा."

ते आत आले. मी कपाटामागून बाहेर निघाले आणि त्यांना जागा दिली. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. मी पुढच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण खिडकीकडे बघवेना.

मग त्यांनी हाक मारली. भिंतीच्या पोटाचं माप घ्यायचं होतं. आतल्या कोपऱ्यापासून फीत लावायची आणि ठरलेल्या अंतरावर ओळंबा सोडायचा. मी कोपऱ्यात गुडघे टेकून टोक दगडाला दाबून धरलं. काय म्हणायचं ते माहीत होतं, पण म्हणू का नको असं झालं. मग म्हटलं, "शून्य धरलंय."

साहेबांनी फितीवरून वर बघितलं. नंतर आकडा वाचला. सव्वाचार सेंटिमीटर. चौदा वर्षांत भिंत केसभरही हलली नव्हती. "सोडू?" मी विचारलं. "सोडा, बाई," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते खूप बोलले. चुना कुठून आणणार, भिंतीतून आडवे लांब दगड घालून दोन्ही पदर कसे बांधून घेणार, कपाट कुठे ठेवणार. खिडकीत काही ठेवणार नाही म्हणाले. मी हं हं करत होते. उतरताना त्यांनी ते काडेपेटीएवढं यंत्र माझ्या हातात दिलं. "मागच्या भिंतीचं त्यात सांगितलंय. तेवढं बदलून घ्या. आणि यंत्र तुमच्याकडेच राहू द्या, मला आता काय करायचंय." मग "बाई, तुम्ही होता म्हणून झालं," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं, शाळेच्या अर्जांच्या पाठपोट प्रती काढून दिल्या आणि मग हेडफोन लावला. "कोठीची खोली. मागची भिंत." टक, टक, टक. मला ऐकताच कळलं, आणि लगेच त्यांनीही तेच सांगितलं. "बद्द. पण जागची हललेली नाही. काचपट्टी शाबूत, दोन्ही टोके घट्ट. राहायला हरकत नाही." मी टाइप केलं. यानंतर ते म्हणतील म्हणून मी वाट बघितली, बाई, हे टाइप करू नका. त्यांनी ते म्हटलं नाही. म्हणाले, "न पाहिलेले. जमिनीखालचा पाया, पुरलेले नळ. बाकी काही राहिलेलं नाही." आणि यंत्र बंद झालं.

ती शेवटची ओळ मी दोनदा ऐकली. त्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसून मी फीत धरली होती, कपाटामागे माझं नख तुटलं होतं, ते अजून ठणकत होतं, आणि ते त्यांनी पाहिलं नव्हतं. मग सांगितलं होतं तसंच टाइप केलं आणि दोन प्रती काढल्या. त्यांची प्रत पाकिटात घातली. दुसरी फाईलीला लावायच्या आधी त्या शेवटच्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह घातलं, आणि शिडी लावून फाईल वर ठेवून दिली.